निकालराव

निकालराव तुमच्या तोंडओळखीचे आहेतच. टीव्हीवर तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे: खाली धावणारी पट्टी, वर सहा चौकटींत तावातावाने बोलणारी सहा माणसं आणि कोपऱ्यात १४५ हा बहुमताचा आकडा. पण तो झाला त्यांचा फोटो. खरे निकालराव भेटतात ते तालुक्याच्या गावी, शासकीय धान्य गोदामात, आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, नाहीतर क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये. बाहेर बांबूचे कठडे, पोलीस, भेळेची गाडी आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन पक्षांची गर्दी. आत निकालराव. त्यांना भाषण जमत नाही, गोड बोलणं जमत नाही, कुणाची समजूत काढणं तर मुळीच जमत नाही. आकडे तेवढे येतात, आणि त्या आकड्यांपायी अख्खा तालुका रात्रभर टक्क जागा राहिलेला असतो.

त्यांचे संसार दोन. एक विधानसभेचा, तो भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली चालतो. दुसरा ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका अशा मोठ्या गोतावळ्याचा. तो १९९४ साली स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग सांभाळतो. लोकांना वाटतं, निकालराव पहिल्या घरी जास्त रमतात, कारण कॅमेरे तिथे असतात. मला तसं वाटत नाही. त्यांचा जीव धाकट्या घरात आहे. तिथे मी तुम्हाला शेवटी नेणार आहे. आधी त्यांच्या सवयी सांगतो.

निकालराव भारी सोवळ्याचे. मतदान संपलं, यंत्रं सीलबंद झाली, की ते स्ट्राँग रूममध्ये जाऊन बसतात. दाराला दुहेरी कुलूप, वर सील, बाहेर सशस्त्र पहारा, सीसीटीव्ही. एवढ्यानेही उमेदवारांचं समाधान होत नाही. त्यांची माणसं बाहेर सतरंज्या टाकून पाळीपाळीने जागतात आणि आवारात नवी गाडी शिरली तरी उठून उभी राहतात. मोजणीच्या दिवशी सगळ्यांच्या देखत, कॅमेरा चालू ठेवून, दार उघडतं. सील तपासतात, यंत्राचा क्रमांक तपासतात, मतदानाच्या संध्याकाळी केंद्राध्यक्षाने भरून दिलेल्या १७-क नमुन्यातला एकूण मतांचा आकडा यंत्रातल्या आकड्याशी ताडून बघतात. मग कुठे निकालाचं बटण. यातली एक पायरी गाळली तरी निकालराव अडून बसतात. त्यांनी अडून बसावं, यातच सगळ्यांचं भलं आहे.

हॉलमध्ये साधारण चौदा टेबलं असतात. जाळीच्या अलीकडे मोजणारे कर्मचारी, पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. बटण दाबलं की यंत्राच्या छोट्या पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा येतो आणि जातो. पर्यवेक्षक यंत्र जाळीकडे वळवून धरतात, प्रतिनिधी माना उंच करून आकडे कागदावर उतरवतात. मोबाइल बाहेर जमा केलेला असतो, त्यामुळे इथे कागद, पेन आणि शेजारच्याने काय लिहिलं ते बघणारी नजर, एवढंच सामान. चौदा केंद्रांची मोजणी झाली की एक फेरी. साडेतीनशे केंद्रांचा मतदारसंघ असेल तर पंचवीस फेऱ्या. जेवणाची सुट्टी निकालराव घेत नाहीत. आलटून पालटून जेवायचं ते कर्मचाऱ्यांनी.

ते तरुण होते तेव्हा त्यांची चाल संथ होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बारा लाखांहून अधिक लोखंडी मतपेट्या तयार झाल्या, त्या जमान्यातले ते. पेटी उपडी करायची, मतपत्रिका सरळ करायच्या, गठ्ठे बांधायचे, शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला असेल तर वाद घालायचा. मोजणी दुसऱ्या दिवसावर जायची. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर फळ्यावर खडूने आकडे लिहीत आणि माणसं रस्त्यात उभी राहून ते वाचत. २००४ पासून सगळीकडे यंत्र आलं आणि निकालराव दुपारपर्यंत उरकू लागले. चाल बदलली, शिस्त मात्र तीच राहिली.

सकाळी आठला ते आधी टपाली मतं हातात घेतात. सैनिकांची, निवडणुकीच्या कामावर असलेल्या कर्मचाऱ्यांची, घरून मत दिलेल्या वृद्धांची. यंत्रं सुरू होतात त्यानंतर अर्ध्या तासाने. बाहेरच्या गर्दीला ही पाकिटं म्हणजे वेळकाढूपणा वाटतो. पण २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये काय झालं ते आठवा. यंत्रांच्या बेरजेत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. साडेचार लाखांवर मतं दोघांनाही, आणि फैसला केला पाकिटांनी.

निकालरावांची धाकटी बहीण म्हणजे आघाडी. पक्षांची मोट नव्हे, फेरीतली आघाडी. गावाकडे तिला लीड म्हणतात. स्वभावाने भावाच्या अगदी उलट. नटवी, बोलकी, पाच मिनिटांत पक्ष बदलणारी. पहिल्या फेरीला एकाच्या गळ्यात हात, सहाव्या फेरीला दुसऱ्याच्या. टीव्हीवाल्यांचं सगळं प्रेम हिच्यावर, कारण भाऊ तोंड उघडेपर्यंत पडदा हलता ठेवते ती हीच. पण मुरलेले कार्यकर्ते तिच्या नखऱ्याला भुलत नाहीत. त्यांना केंद्रांचे क्रमांक पाठ असतात. मोजणी क्रमांकाने होते, म्हणजे तालुक्याचा एक कोपरा आधी येतो आणि दुसरा शेवटी. दहा हजारांनी मागे पडलेला कार्यकर्ताही शांतपणे तंबाखू मळत सांगतो, "अजून नदीपलीकडची गावं यायचीत." पुष्कळदा तो बरोबर असतो. नसला, की नदीपलीकडच्या गावांना पुढची पाच वर्षं त्याच्या रागाला तोंड द्यावं लागतं.

बहिणीच्या नादी न लागता निकालराव स्वतःचा आकडा सांगतात, तो सांगण्याची त्यांची रीत मला फार आवडते. २०२४ च्या विधानसभेत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी, बेलापूरचा ३७७ मतांनी. त्याच दिवशी शिरपूरला फरक होता १,४५,९४४ मतांचा. चारही ठिकाणी अधिकाऱ्याने दिलेलं प्रमाणपत्र एकाच नमुन्याचं. जवळजवळ दीड लाखाच्या फरकाला सोनेरी कडा नाहीत आणि १६२ ला कुणी हलका कागद दिला नाही. आमदार म्हणून चौघांची खुर्ची सारखीच.

आपल्याविषयी कुणी आधीच बोललेलं निकालरावांना खपत नाही. २०१९ ला बहुतेक चाचण्यांनी भाजप-शिवसेना युतीला दोनशेच्या पलीकडे नेऊन बसवलं. २४ ऑक्टोबरला निकालराव आले आणि १०५ अधिक ५६ एवढंच बोलले. २०२४ ला लोक सावध झाले होते. जूनमध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळालेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये बऱ्याच चाचण्यांनी महायुती पुढे, पण बेताने पुढे, असं म्हणून ठेवलं. २३ नोव्हेंबरला भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१: बेरीज २३०. महाविकास आघाडीच्या तीन पक्षांची बेरीज ४६. पाच-साडेपाच महिन्यांत एवढा पालटलेला त्यांचा चेहरा पाहून त्यांना ओळखणारेही चक्रावले. निकालरावांना मात्र त्यात विसंगती दिसत नाही. जूनमध्ये विचारलं ते जूनला सांगितलं, नोव्हेंबरमध्ये विचारलं ते नोव्हेंबरला.

वडीलधाऱ्यांचा मान ते ठेवत नाहीत, असं त्यांच्याविषयी बोललं जातं, आणि ते खरं आहे. संगमनेरातून १९८५ पासून सलग निवडून येणारे बाळासाहेब थोरात २०२४ ला हरले. त्याच दिवशी कराड दक्षिणमध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हरले. नात्यागोत्यातही ते पडत नाहीत. परळीत २०१९ ला चुलत बहीणभाऊ समोरासमोर, बारामतीत २०२४ ला काका-पुतण्या. निकालराव दोन्ही घरी गेले, आकडा ठेवला आणि निघाले. घरच्यांनी दिवाळी एकत्र करायची की वेगळी, याची चर्चा त्यांच्यामागे चालू राहिली.

कधीकधी ते नको असलेला पाहुणाही बरोबर आणतात. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये काँग्रेसचे धीरज देशमुख सव्वा लाखाहून अधिक मतं घेऊन जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर आला नोटा, २७,५०० मतांसह. पलूस-कडेगावलाही तेच: दुसरा नोटा, २०,६३१. माणसं ऊन सोसत रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि कुणीही नको असं सांगून घरी गेली. विधानसभेच्या घरी या पाहुण्याला नुसती खुर्ची मिळते. धाकट्या घरी त्याचा मान मोठा: स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला. विधानसभेनेही तो उचलावा.

आता त्यांच्या एका खोडीबद्दल बोलतो, कारण मित्र म्हणवून घ्यायचं तर हेही सांगायला हवं. निकालरावांच्या पोटात काही राहत नाही. कुणी कुणाला मत दिलं ते त्यांना ठाऊक नसतं, पण कुठल्या केंद्राने कुणाला किती दिली ते ते जगजाहीर करतात. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या पेट्यांतली मतं मोजणीआधी एकत्र मिसळता येत, त्यामुळे गावाचं गुपित तालुक्याच्या ढिगात लपून जाई. यंत्राचं तसं नाही. प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा, वीस क्रमांकाच्या नमुन्यात छापलेला, कुणालाही बघायला खुला. सहाशे मतांच्या वाडीला यातून सुटका नाही. निवडून आलेला माणूस तो तक्ता घेऊन बसतो आणि वाडीच्या रस्त्याचा विषय निघाला की पान उलटून विचारतो, "तुमच्याकडून लीड किती होतं?" वाडीतला पुढारी खाली बघतो. पाण्याची टाकी पुढच्या वर्षावर जाते.

याला औषध आहे. अनेक यंत्रांची मतं एकदम जोडून फक्त बेरीज दाखवणारं टोटलायझर नावाचं यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं होतं. विधी आयोगानेही २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. सरकारने ते घेतलं नाही, कारण गावागावाचा हिशेब हातात असणं कुठल्याच पक्षाला गैरसोयीचं नाही. मला हे फार लागतं. मत गुप्त ठेवायचं म्हणून कोनाड्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा आणि नंतर अख्ख्या वस्तीचं मत चव्हाट्यावर मांडायचं, ही निकालरावांची सवय वेळीच मोडायला हवी.

निकालराव काय झालं ते सांगतात. का झालं ते कधीच सांगत नाहीत. ती जागा रिकामी दिसली की विश्लेषक येतात. दुपारी बारापर्यंत चुरस सांगणारी माणसं एकपासून लाट सांगू लागतात. २०२४ नंतर कुणी लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये पुढे केले, कुणी मतविभागणी, कुणी बंडखोर, कुणी घोषणा. सोयाबीनचा भाव लोकसभेला बोलला आणि विधानसभेला गप्प का राहिला, यावर लेख आले. यातलं थोडंथोडं सगळंच खरं असेल. पण मला पटणारं विश्लेषण आकड्याला चिकटून चालतं. साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यंत्रावर एका अपक्षाचं चिन्ह होतं पिपाणी, आणि त्याला मिळाली ३७,०६२ मतं. यातली किती चुकून पडली हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. तरी बटणाशेजारचं चित्र किती मोठं छापायचं, हा प्रश्न त्या एका आकड्याने जेवढा नेमका विचारला तेवढा तासभराच्या चर्चेतून निघाला नसता.

असं नेमकं बोलणारी माणसं स्टुडिओत कमी आणि तहसीलच्या बाहेर जास्त. चहाच्या गाडीवर एखादा निवृत्त शिक्षक, एखादा दूध संकलन केंद्रावरचा लेखनिक. त्यांना गाव माहीत असतं, गावातली भावकी माहीत असते, कुठल्या आळीत कुणाचं कर्ज मंजूर झालं ते माहीत असतं. आकडा कानावर पडताच ते म्हणतात, "वरच्या आळीने घात केला." आणि का, हेही सांगतात. राज्याच्या राजकारणावर बोलताना त्यांचाही तोल जातो, पण दोन मैलांच्या आतलं त्यांचं भाष्य कुठल्याही वाहिनीने ऐकावं असं.

निकालरावांवर संशय घेणारेही पुष्कळ आहेत. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने २०२४ च्या निकालानंतर कमाल केली. मतदारसंघातून निवडून आला तो गावातल्या बऱ्याच जणांना हवा असलेलाच उमेदवार, पण गावाच्या नावावर जो आकडा लागला तो गावाला पटेना. आमची मतं गेली कुठे, असं म्हणत ३ डिसेंबरला मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन बघायची तयारी झाली. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान थांबलं. कायद्याने अशा मतदानाला अर्थ नव्हता, हे खरं. पण गाव दंगा करायला निघालं नव्हतं; मोजायला निघालं होतं. निकालरावांना याचा राग यायचं कारण नाही.

मोठ्या घरी त्यांनी या संशयासाठी थोडी सोय केली आहे. मत दिल्यावर सात सेकंद काचेतून चिठ्ठी दिसते, आणि प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहतात. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण हरलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या उमेदवाराला पैसे भरून काही यंत्रं तपासून मागण्याची वाट ठेवली. धाकट्या घरी मात्र ही चिठ्ठीच नाही. नगरसेवक निवडताना बटण दाबायचं, आवाज ऐकायचा आणि बाहेर पडायचं. जिथे २० मतांनी माणूस पडतो तिथे कागद नसावा, हे मला मान्य नाही.

मोजणी संपली की निकालरावांचा ताबा गुलालाकडे जातो. "यंदा गुलाल आमचाच," हे वाक्य अर्ज भरल्यापासून दोन्ही बाजू म्हणत असतात. पोतीही दोन्हीकडे आणून ठेवलेली असतात. हलगी, डीजे, क्रेनला टांगलेला हार, जेसीबीच्या बादलीतून ओतला जाणारा गुलाल. २०२४ च्या निकालाच्या दिवशी चंदगड मतदारसंघातल्या महागावात ओवाळणी चालू असताना वरून गुलाल पडला, आरतीच्या ज्योतीने भडका उडाला आणि विजयी उमेदवारासह काही महिला भाजल्या. आनंदाला कुणाची हरकत नाही, पण जेसीबी खोदकामासाठी आहे. हरलेल्याच्या कार्यालयात तेवढ्या वेळात मंडपवाला खुर्च्या मोजत असतो. ज्यांना एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्शाइतकीही मतं मिळाली नाहीत, त्यांची दहा हजारांची अनामत गेलेली असते. गावभर बातमी होते, डिपॉझिट जप्त.

चला आता धाकट्या घरी.

ग्रामपंचायतीची मोजणी बघितल्याशिवाय निकालराव कळत नाहीत. तहसील कचेरीत सकाळी दहाला सुरुवात, एकेका प्रभागाला काही मिनिटं. गावाचं नाव पुकारलं की जीपगाड्यांतून आलेली माणसं फाटकाशी गोळा होतात, आणि चहा निवायच्या आत सरपंच ठरलेला असतो. विधानसभेला हजारांत बोलणारे निकालराव इथे एक-दोन-तीनवर येतात. पुण्याहून मत द्यायला आलेला पोरगा, खाटेवरून उचलून आणलेली आजी, रुसून घरी बसलेला चुलता, प्रत्येकाचं वजन इथे दिसतं. सरपंच थेट लोकांनी निवडायचा की सदस्यांनी, यावर सरकारांचा खेळ झाला: २०१७ ला थेट, २०२० ला पुन्हा सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा थेट. निकालराव दोन्ही पद्धतींनी मोजून देतात, पण थेट निवडीला गर्दी जास्त असते.

बरोबरी झाली तर ते चिठ्ठीवर सोपवतात. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी काढली, शहा निवडून आले. सभागृहात शिवसेना ८४ आणि भाजप ८२, अशा घासून झालेल्या निवडणुकीत ती एक चिठ्ठी. त्या प्रभागात ऊन आहे, पाय दुखतो, म्हणून घरी राहिलेलं एकेक मत त्या दिवशी आठवलं असणार.

या घरी निकालरावांचा अपमानही होतो. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाला आणि बोली गेली २ कोटी ५ लाखांवर. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही असाच लिलाव. पैसे देवळाला, मग बिघडलं काय, असा युक्तिवाद झाला. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. आयोगाने केलेल्या कामांत मला हे अतिशय मोलाचं वाटतं. निकालराव मोजतात ते मत. ज्याच्या घरात दोन कोटी नाहीत त्याचाही एक आकडा होतो तो त्यांच्यामुळेच.

त्याहून मोठा अपमान म्हणजे त्यांना बोलावलंच नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, पाठोपाठ जिल्हा परिषदा, नगरपालिका, सगळीकडे प्रशासक बसले. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा. कारणं खरी होती, पण वर्षं त्याहून खरी होती. गल्लीतलं गटार तुंबलं तर फोन कुणाला करायचा, हे राज्यभर शहरांतल्या माणसांना कळेनासं झालं. अर्ज करता येत होता, जाब विचारता येत नव्हता. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. २ डिसेंबरला नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचं मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मोजणी ठरलेली. काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं होतं, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांचीच मोजणी २१ ला ठेवली. निकालराव एकोणीस दिवस कुलपात. छोट्या छोट्या गावांत उमेदवारांची माणसं थंडीत शेकोटी करून त्या दारासमोर बसली. वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर आणखी एकोणीस दिवस. त्यांनी सतरंज्या उचलल्या नाहीत.

मग १५ जानेवारी २०२६ ला एकाच दिवशी २९ महानगरपालिकांचं मतदान आणि १६ ला मोजणी. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, इतर शहरांत बहुतेक ठिकाणी चार-चार. तिथे एकेका मतदाराने चार बटणं दाबलेली, त्यामुळे मोजणीचा पसाराही चौपट. निकालराव त्या दिवशी एकाच वेळी इतक्या शहरांत होते की कुठल्याही वाहिनीला ते पुरते दाखवता आले नाहीत. विधानसभेला एका पडद्यावर मावणारा माणूस इथे मावला नाही, हे पाहून मला बरं वाटलं.

तुम्हाला त्यांना भेटायचं असेल तर जवळची ग्रामपंचायतीची मोजणी गाठा. दहाच्या आत पोहोचा, कठड्याशी जागा धरा, शेजारच्या म्हाताऱ्याला केंद्र क्रमांकांविषयी विचारा. तो तासभर सांगेल. शहरात राहत असाल तर एक तारीख लिहून ठेवा. महानगरपालिकेची पाच वर्षं पहिल्या सभेपासून मोजतात आणि ती संपायच्या आत निवडणूक पुरी झाली पाहिजे, असं राज्यघटनेत लिहिलं आहे. जानेवारी २०२६ ला निवडून आलेल्या सभागृहांसाठी निकालरावांना पुढचं बोलावणं २०३१ च्या सुरुवातीलाच गेलं पाहिजे. २०३० च्या दिवाळीपर्यंत प्रभागरचनेचा पत्ता नसेल, तर पालिकेच्या दारात जाऊन विचारा, निकालराव कधी येणार.